खाज, इसबातील रात्रीची
इसब (पामा) या त्वचाविकारातील खाज दिवसा सुसह्य असली, तरी रात्री बहुधा तीव्र होते व झोपमोड करते. खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना, अशी खाजेची व्याख्या जर्मन वैद्य झामुएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये केली.

कारणे : रात्री त्वचेचे तापमान वाढते, तीमधून अधिक पाणी बाष्परूपाने निघून जाते आणि दाह आवरणाऱ्या कॉर्टिसॉल या हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. मन अन्यत्र गुंतलेले नसल्यानेही खाज अधिक जाणवते. खाजविल्याने क्षणिक आराम पडतो. परंतु त्वचेच्या संरक्षक थरास इजा होऊन दाह व खाज वाढते. हे चक्र दीर्घकाळ चालल्यास त्वचा जाड व खरखरीत बनते. झोपेतील खाजविणे नकळत घडते. म्हणून मुलांना त्याबद्दल रागावणे निरर्थक होय.

उपाय : कोमट पाण्याने स्नान करून अंग ओलसर असतानाच स्निग्ध मलम लावणे, सैल सुती कपडे घालणे, नखे कापणे व खोली थंड ठेवणे हितावह असते. दाह शमविण्यासाठी वैद्याच्या सल्ल्याने स्टेरॉइडयुक्त मलम वापरतात. ही खाज मुख्यत्वे हिस्टामिनामुळे उद्‌भवत नसल्याने हिस्टामिनविरोधी गोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो. तीव्र विकारात डुपिलुमॅब हे अंतःक्षेपणाने द्यावयाचे औषध उपलब्ध असून अमेरिकेत त्यास २०१७ मध्ये मान्यता मिळाली. घरातील अनेकांना एकाच सुमारास रात्री खाज सुटू लागल्यास इसबाऐवजी खरजेची शंका घेऊन सर्वांची तपासणी करावी लागते.