इशानंतरची चार पाने

"सर, जादूच्या गोष्टींनी पोरं बिघडणार नाहीत ना?" सोनपेठला एका पालकांनी आम्हाला विचारले. आम्ही त्यांना कृश्न चंदर यांचे 'उल्टा दरख्त' दिले. गरीब युसुफ बी पेरतो, झाड वर न येता जमिनीखाली वाढत जाते आणि त्यावरून तो खाली उतरतो. जादू आहेच, पण जुलमी लोकांची खिल्लीही आहे.

अडचण वेगळीच निघाली. मुलगा मराठी माध्यमाचा, उर्दू लिपी येत नाही. मग दादींनी वाचायला घेतले, इशानंतर रोज चार पाने. अडलेल्या शब्दाचा अर्थ अम्मी मराठीत सांगे.

पुढची पाळी मुलाची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. त्यांची मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्तीच घ्यावी, मूळ ग्रंथ मोठ्यांचा आहे. सिंदबाद दादींना तोंडपाठ. नातवाने वाक्य गाळले की त्या टोकत.

आता तो दादींकडे अलिफ-बे गिरवतो आहे. अमीर हमजाच्या दास्तानीतला उमरो अय्यार आणि काहीही मावणारी त्याची झंबील त्याला स्वतः वाचायची आहे. सध्या गाडी 'जीम'पाशी अडली आहे.