उघडलेलं मशीन आणि मिस्त्रीचा मोह

मानखुर्द म्हटलं की हार्बर लाइन, सायन-पनवेल महामार्ग आणि मंडाळ्याचं भंगार आठवतं. खाडी इतकी जवळ आहे, हे मात्र गाडी वाशीच्या पुलावर चढल्याशिवाय ध्यानात येत नाही. १९७३चा रस्त्याचा पूल आणि १९९२चा रेल्वेपूल यांच्या खालून ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या होड्या बोय, कोळंबी, चिंबोरी शोधत फिरतात. यातल्या लहान होडीच्या मागच्या फळीला टांगलेलं असतं ते आउटबोर्ड मशीन. १९०९ साली अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूडने ते बाजारात चालवून दाखवलं, आणि त्याचा मूळ घाट अजून तोच आहे: वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पंखा. पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक दोन माणसं सहज उचलून घरी नेतात. म्हणूनच १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत ते किनाऱ्यावर सोडवून, उघडून, पसरून ठेवलेलं दिसतं. आणि उघडलं की प्रश्न येतोच: सिलिंडरचं हेड काढलंच आहे, तर जरा ‘सुधारून’ घ्यायचं का?

माझं मत असं की सुधारणेला सरसकट नाही म्हणणं चूक आणि सरसकट हो म्हणणं त्याहून महाग. दोन गोष्टी तपासाव्यात. केलेला बदल साध्या पान्याने परत काढता येतो का? आणि तो चुकला तर मशीन लगेच बोंब मारतं, की गप्प राहून आतून खात जातं? या कसोटीला पंखा उतरतो, हेड उतरत नाही. जड जाळं आणि बर्फाची पेटी घेऊन जाणाऱ्या होडीला मोठ्या पिचचा पंखा लावला तर मशीन दमतं, आपल्या नेमून दिलेल्या पाच हजारांच्या आसपासच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. पिच कमी केली की वेग थोडा घटतो, मशीन मोकळं चालतं. पटलं नाही तर एक पिन आणि एक नट काढून जुना पंखा पुन्हा चढवायचा.

हेडचं प्रकरण वेगळं, आणि इथे थोडं थांबायलाच हवं. गरम होऊन वाकलेलं हेड मिस्त्री जाड काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासतो. गोल गोल फिरवत, मधेच उलटं करून उजेडात बघत, सगळ्या पृष्ठावर एकसारखी चमक येईपर्यंत. ही दुरुस्ती आहे, आणि उत्तम दुरुस्ती आहे. पण घासलेला धातू परत येत नाही. जितकं घासलं तितकी ज्वलनाची जागा लहान होते, दाब वाढतो, आणि ‘आता बघा कसं उडतं’ म्हणत आणखी चार हात मारायचा मोह तिथेच होतो. वाढलेल्या दाबाने पेट्रोल वेळेआधी पेटू लागलं की पिस्टनच्या माथ्यावर बारीक खड्डे पडतात. ते कानाला कळत नाहीत, कारण दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकचा आवाज मुळातच भसाडा. दुरुस्ती कुठे संपली आणि फेरफार कुठे सुरू झाला, हे इथे फक्त मोजमापाने कळतं, हाताच्या अंदाजाने नव्हे.

उलट दिशेचा फेरफार केरोसीनसाठी होत आला. केरोसीनचा ऑक्टेन फार कमी, म्हणून दोन गॅस्केट एकावर एक घालून दाब उतरवायचा. पेट्रोलवर सुरू करून, मशीन तापलं की केरोसीनवर टाकायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. कंपन्या यासाठी वेगळी मॉडेलं बनवतात, त्यामुळे कल्पना खुळी नाही. पण रेशनच्या केरोसीनवरचं केंद्राचं अनुदान संपल्यावर हा हिशेब पूर्वीसारखा राहिला नाही, आणि जुन्या मशीनमध्ये ती दुसरी गॅस्केट मात्र तशीच बसून राहिलेली असते. पेट्रोलवर चालणाऱ्या मशीनचा जोर ती उगाच खाते.

फेरफार टाळा म्हणण्याला एक रास्त आक्षेप आहे. कंपनीने मशीन स्वच्छ पाण्यासाठी बनवलं. आपली खाडी गाळाची आहे, आणि पलीकडे १९२७पासूनचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. प्लास्टिकची पिशवी पाणी आत घेणाऱ्या जाळीवर चिकटली की मशीनच्या बाजूने पडणारी थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार थांबते. गाळाने ते पाणी ओढणाऱ्या रबरी इंपेलरच्या पात्या झिजतात, थर्मोस्टॅट चिकटून बंद राहतो. मग तो काढून फेकणारा मिस्त्री मूर्ख कसा? मूर्ख नाहीच. ओहोटीला चिखलात अडकण्यापेक्षा थर्मोस्टॅट काढून घरी येणं केव्हाही चांगलं. पण तसंच वर्षभर चालवलं तर मशीन कधी नीट तापत नाही, तेल अर्धवट जळतं, कार्बन साचतो आणि रिंगा अडकतात. दरवर्षी बंदीत इंपेलर बदलणं, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघणं, हा कंटाळवाणा इलाज आहे. खाडीला तोच लागू पडतो.

खरी अडचण पुढची आहे, आणि ती माझ्या ‘शक्यतो मूळ स्थितीत ठेवा’ या आग्रहाच्या मुळावरच येते. मशीन मूळ स्थितीत ठेवलं, तरी पेट्रोल मूळचं राहिलेलं नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं. चारचाकीत संगणक ते सावरून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. पातळ मिश्रणाने सिलिंडर जास्त तापतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं; जास्त पाणी शोषलं की इंधनाचे दोन थर होतात आणि इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो. तेल इंधनातच मिसळलेलं असल्याने तळाचा थर ओढला गेला की सिलिंडरला वंगणच मिळत नाही आणि मशीन जाम होतं. इथे फेरफार करावाच लागतो: एक माप मोठी जेट, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर, आणि टाकीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे न ठेवणं. यातले बसवलेले सगळे भाग पान्याने परत काढता येतात, म्हणून कसोटी टिकते. फोर-स्ट्रोक घ्या, असा सल्ला सोपा आहे. पण त्याची किंमत आणि वजन पाहून तो देणाऱ्याने स्वतः एकदा चिखलातून मशीन खांद्यावर न्यावं.

म्हणून मिस्त्री आणि नाखवा दोघांनाही एकच विनंती. हेड उघडलं की त्याची जाडी, गॅस्केटची संख्या, बोअरचं माप आणि जेटचा नंबर एका वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि मशीन विकलं तर वही त्याच्यासोबत द्या. जुनं मशीन घेणाऱ्याने ही वही आधी मागावी. ती नसेल, तर हेड उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.