लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी? दुकानाचा पीसी परत उभा करण्याची पद्धत



14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला. चांगला चालणारा पीसी विंडोज 11 घेत नाही म्हणून भंगारात कशाला काढायचा, असा विचार करून बऱ्याच जणांनी लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकलं. निर्णय चुकीचा नाही. बिलिंग, ईमेल, जीएसटी पोर्टल, व्हॉट्सअॅप वेब, सगळं ब्राउझरमध्ये मस्त चालतं. पण ज्यांच्या पीसीत एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यांची गाडी एका ठिकाणी अडकते. ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, आणि स्क्रीन काळी. समोर ऑर्डरचा फोन वाजतोय आणि आत ग्राहकाच्या लग्नाचा व्हिडिओ अडकलाय.

सोबतच्या व्हिडिओत मी कमांड टाइप करून दाखवल्या आहेत. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहितोय. तुम्ही टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.

आधी विचारा: मला हा ड्रायव्हर हवाय का?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि निम्मी डोकेदुखी इथेच वाचते. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आधीपासून असतात. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. तुमच्या पीसीत वेगळं कार्डच नसेल, मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लागली असेल, तर तुम्हाला काहीही इन्स्टॉल करायचं नाही. उगाच शोधत बसू नका.

एनव्हिडियाचं कार्ड असलं तरी लिनक्स स्वतःसोबत 'नूवो' नावाचा मुक्त ड्रायव्हर आणतं. तो स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं उलगडून उलगडून बनवला, कारण कंपनीने बरीच वर्षं आतली माहिती दिली नव्हती. (लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स 2012 मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात यावरून एनव्हिडियावर कॅमेऱ्यासमोर इतके भडकले होते की तो व्हिडिओ आजही फिरतो.) किराणा, मेडिकल, झेरॉक्स, क्लासेसचं ऑफिस, यांना नूवो पुरतो. कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो तो व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना, ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडर करणाऱ्यांना, कार्डाची खरी ताकद वापरायची आहे त्यांना.

आणि एक स्पष्ट सांगतो. ज्यांचा धंदा कोरलड्रॉवर किंवा टॅलीवर उभा आहे, त्यांनी तो पीसी लिनक्सवर नेऊ नका. ही दोन्ही सॉफ्टवेअर्स थेट लिनक्सवर चालत नाहीत. ड्रायव्हर कितीही नीट बसला तरी तुमचं काम अडणारच.

कार्ड ओळखा, नाव नीट लिहून घ्या

टर्मिनल उघडा आणि 'एलएसपीसीआय' टाइप करा. लांबलचक यादी येईल, त्यात 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी' लिहिलेली ओळ शोधा. तिथे आतल्या चिपचं सांकेतिक नाव आणि कंसात कार्डाचं नाव असतं. दोन्ही वहीत लिहा.

हे का? तर एनव्हिडिया जुन्या कार्डांना नव्या ड्रायव्हरमधून वगळत जाते. प्रत्येक पिढीची एक शेवटची मालिका असते, तिच्या पुढचा ड्रायव्हर त्या कार्डावर चालतच नाही. आपल्याकडच्या स्वस्त असेंबल्ड पीसीत जीटी 710 भरपूर सापडतं. ते केप्लर पिढीचं, त्याची शेवटची मालिका 470. जीटीएक्स 1050 आणि जीटी 1030 पास्कल पिढीचे, त्यांची शेवटची मालिका 580. जीटीएक्स 1650 ट्युरिंग पिढीचं, त्याला अजून नवे ड्रायव्हर मिळतात.

सगळ्यात फसवं कार्ड जीटी 730. एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. काहींत फर्मी, काहींत केप्लर. केप्लर असेल तर 470 चालतो. फर्मी असेल तर 390 लागतो, आणि त्या मालिकेचा सपोर्ट 2022 च्या अखेरीसच संपला. आजच्या उबंटूवर तो बसवण्यात दिवस घालवू नका, नूवोवर राहा. खोक्यावर काहीही छापलेलं असो, एलएसपीसीआयमध्ये चिपचं नाव 'जीएफ'ने सुरू झालं तर फर्मी, 'जीके'ने झालं तर केप्लर.

लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या कॉम्प्युटरवाल्याकडे सेकंडहँड कार्ड घ्यायला गेलात, तर आधी हेच बघा. जीटी 710 स्वस्त मिळतंय म्हणून घ्याल, पण 470 मालिकेचा सपोर्ट 2024 मध्ये संपलाय. पुढच्या कर्नलसोबत ते चालेल याची जबाबदारी आता कंपनीकडे नाही. लिनक्सवर एडिटिंगचं काम करायचं असेल, तर ट्युरिंगच्या खालचं कार्ड विकत घेण्यात अर्थ नाही, असं माझं मत.

टाकायचा एकाच रस्त्याने

विंडोजची सवय आपल्याला कंपनीच्या वेबसाइटवर नेते. तिथून 'रन' फाइल उतरवली, डबल क्लिक केलं, झालं. लिनक्सवर हा रस्ता घेऊ नका. ती फाइल चालते, पण तुमच्या सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ताच नसतो. महिन्याभराने कर्नल अपडेट होतो, ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बनवलेला असतो, आणि सकाळी दुकान उघडता तर स्क्रीन काळी. मग माणूस घाबरून वर दुसऱ्या रस्त्याने पुन्हा ड्रायव्हर टाकतो. आता दोघांच्या फाइली एकमेकांत मिसळल्या. ही खिचडी सोडवणं सगळ्यात अवघड.

मिंटमध्ये मेनूत 'ड्रायव्हर मॅनेजर' आहे. उबंटूत 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' उघडून 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' या टॅबवर जा. तिथे यादी येते आणि एकासमोर 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं. तो निवडा, लागू करा, संपेपर्यंत हात लावू नका. आकडा मोठा म्हणजे ड्रायव्हर चांगला असं नसतं. यादीत काही नावांपुढे 'ओपन' दिसेल. एनव्हिडियाने 2022 मध्ये ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, त्याची ती आवृत्ती. ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांवरच ती चालते. आरटीएक्स 50 मालिकेच्या कार्डांना मात्र तीच लागते.

रीस्टार्ट केल्यावर टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' टाइप करा. चौकट आली, त्यात कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरचा आकडा दिसला, की काम झालं.

चौकट आली नाही तर

समजा डेस्कटॉप दिसतोय, पण ही कमांड म्हणते की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही. बहुतेक वेळा याच्या मागे सिक्युअर बूट असतं. मदरबोर्डवरची ही सोय म्हणजे गेटवरचा वॉचमन. ज्या मॉड्यूलवर ओळखीची सही नाही त्याला आत सोडत नाही. उबंटू शक्यतो आधीच सही केलेला मॉड्यूल देतं. पण ड्रायव्हर तुमच्याच पीसीवर डीकेएमएस नावाच्या यंत्रणेने बनला, तर त्यावरची सही तुमच्या पीसीची असते आणि वॉचमनला ती ओळखीची नसते.

म्हणून इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागितला जातो, किमान 8 अक्षरांचा. लोक तो घाईत काहीतरी टाकून विसरतात. तसं करू नका, तो वहीत लिहा. रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते आणि काही सेकंदच थांबते. कुठलंही बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, मग 'कंटिन्यू', मग 'येस', आणि तो पासवर्ड द्या. झालं, वॉचमनला ओळख पटली.

निळी स्क्रीन बघून 'व्हायरस आला' म्हणून पीसी बंद करणारे खूप आहेत. तुमची ती स्क्रीन हुकली असेल तर घाबरू नका. टर्मिनलमध्ये सुडो लावून 'अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी' ही कमांड 'एनरोल-की' पर्यायासह चालवा, पुन्हा पासवर्ड मागेल, पुन्हा रीस्टार्ट. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा उपाय आहे. पण त्याच पीसीत विंडोजही असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती जवळ नसेल तर तिकडे हात लावू नका.

स्क्रीन पूर्ण काळी

आता मुख्य प्रसंग. पंखे फिरतायत, लाइट लागलाय, स्क्रीनवर काही नाही. लक्षात ठेवा, तुमच्या फाइली जागच्या जागी आहेत. फक्त चित्र दाखवणारा भाग पडलाय. फॉरमॅट मारायची काहीच गरज नाही, कुणी सुचवलं तरी नाही.

आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ 3 एकत्र दाबा. बऱ्याचदा काळ्या पडद्यावर साधी अक्षरांची लॉगिनची ओळ येते. तिथे युजरनेम-पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही, तसंच असतं.

तेही आलं नाही, तर पीसी बंद करून सुरू करा आणि सुरुवातीलाच एस्केप (जुन्या मशीनवर शिफ्ट) दाबून ग्रबचा मेनू आणा. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये गेलात की कर्नलची यादी दिसते. काल चालत होतं आणि आज अपडेटनंतर बंद पडलं असेल, तर वरचा नवा कर्नल सोडून खालचा जुना निवडा. खूप वेळा एवढ्यावरच दुकान सुरू होतं! ग्राहकाचं काम उरकून घ्या, दुरुस्ती रात्री. रात्री बघायचं ते हे की नव्या कर्नलच्या 'हेडर्स' फाइली आल्या आहेत का. त्या नसतील तर डीकेएमएसला ड्रायव्हर नव्याने बनवताच येत नाही.

जुना कर्नलही चालला नाही, तर त्याच यादीतला 'रिकव्हरी मोड' निवडा आणि रूट शेलमध्ये जा. तिथे किंवा एफ 3 च्या लॉगिनमध्ये एकच काम करायचं: 'एप्ट पर्ज' वापरून एनव्हिडियाने सुरू होणारी पॅकेजेस काढायची. 'होय' म्हणण्याआधी काय काय निघणार आहे ती यादी वाचा. त्यात डेस्कटॉपचीच नावं दिसली तर थांबा. ड्रायव्हर निघाला की रीस्टार्टनंतर नूवो परत येतो आणि डेस्कटॉप दिसतो. मग नव्याने, एकाच रस्त्याने.

नवीन कार्डावर लिनक्स टाकतानाच, म्हणजे पेनड्राइव्हवरून सुरू करतानाच, स्क्रीन काळी होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नूवोला ते कार्ड झेपत नाही. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ 10 दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे बिघडायचं काही नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे दोन ग्राफिक्स असतात, एक इंटेल किंवा एएमडीचं आणि एक एनव्हिडियाचं. ड्रायव्हर बसूनही एडिटिंग रखडत असेल, तर 'प्राइम-सिलेक्ट'ने कुठलं वापरायचं ते ठरवता येतं. 'ऑन-डिमांड' ठेवलं की बॅटरी वाचते.

धंद्याच्या बाजूने

कागदावर एक हिशोब मांडा. हा पीसी दिवसभर बंद राहिला तर किती रुपयांची बिलं, किती डिलिव्हऱ्या अडतील? आता तो आकडा समोर ठेवून ठरवा की ड्रायव्हर कधी टाकायचा. लग्नसराईत नाही. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी तर कर्नलचं अपडेटही घेऊ नका, ते दोन दिवस थांबलं तर आभाळ कोसळत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री करा, म्हणजे हाताशी पूर्ण दिवस राहतो.

हात लावण्याआधी 'टाइमशिफ्ट' उघडून स्नॅपशॉट घ्या. मिंटमध्ये ते आधीच असतं, उबंटूत इन्स्टॉल करावं लागतं. ड्रायव्हर फसला तर सिस्टिम त्या क्षणाला परत नेता येते. पण टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमच्या फाइली सांभाळतं, तुमच्या होम फोल्डरमधली बिलं, फोटो, व्हिडिओ नाही. त्यांची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायची. आणि ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं तो पुसून गाणी भरू नका, गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. काहीच सुरू होत नसेल तेव्हा त्यावरूनच पीसी चालू करून टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट परत लावता येतो.

मेकॅनिक बोलावणार असाल तर त्याला तीन गोष्टी आधीच सांगा: कार्डाचं आणि चिपचं नाव, ड्रायव्हरचा आकडा, आणि 'युनेम' कमांड 'आर' पर्यायासह चालवल्यावर येणारा कर्नलचा आकडा. वर हेही सांगा की रन फाइल वापरायची नाही आणि फॉरमॅट मारायचं नाही. तो जे करेल ते त्याच वहीत तारखेसह लिहून घ्या.

स्वतः करणार असाल तर घड्याळ लावा. दोन तासांत चौकट आली नाही, तर स्नॅपशॉट परत लावून नूवोवर काम सुरू करा आणि पुढच्या सुट्टीला बसा.