फिशफाइंडरच्या पडद्याचे वाचन

नौकेच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे विद्युत्स्पंदांचे ध्वनीत आणि परतलेल्या ध्वनीचे पुन्हा विद्युत्स्पंदांत रूपांतर करणारा घटक, पाण्यात शंकूच्या आकाराचा ध्वनिझोत सोडतो. समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्याने प्रतिध्वनी एक दशांश सेकंदात परतला, तर जाण्यायेण्याचे अंतर निम्मे करून खोली ७५ मीटर ठरते. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये व्यापारी वापरात आणलेल्या फिशफाइंडर या मासे शोधणाऱ्या यंत्राचा पडदा वाचताना सर्वांत मोठी गफलत होते ती आडव्या अक्षाबाबत, कारण तो अंतर नव्हे, तर काळ दाखवतो. उजव्या कडेचा उभा पट्टा तेवढा आत्ताचा असतो आणि डावीकडचे सारे होऊन गेलेले असते. म्हणूनच नांगरलेल्या नौकेखाली एकच मासा स्थिर राहिला, तरी पडद्यावर लांब आडवी रेघ उमटते. मासा झोताच्या एका कडेकडून मध्यातून दुसऱ्या कडेकडे गेला, की त्याचे ट्रान्सड्यूसरपासूनचे अंतर आधी घटते, मग वाढते, आणि सुपरिचित कमान तयार होते. कमानीच्या लांबीवरून माशाचा आकार ठरवणे मात्र चुकीचेच, कारण ती मासा झोतात किती वेळ होता हे दाखवते. शिवाय बहुतांश प्रतिध्वनी माशाच्या वाताशयावरून, म्हणजे देहातील हवेच्या पिशवीवरून उठतो, आणि वाताशय नसलेला अटलांटिक मॅकरेल त्यामुळे फिकट दिसतो. तळाच्या रेघेखाली दुप्पट खोलीवर दुसरी रेघ उमटल्यास तळ बहुधा कठीण असतो. मऊ चिखल ध्वनी बराचसा शोषून घेतो.