यंत्राचा वाहनतळ किती भरवशाचा?

मोटार दारात सोडावी, यंत्राने ती वरच्या मजल्यावर ठेवावी आणि परतल्यावर खाली आणून द्यावी, असे वाहनतळ आता झाले आहेत. ते भरवशाचे आहेत काय?

हिशेब साधा आहे. लिफ्ट, सरकता मंच, मोटर अशी दहा अंगे साखळीसारखी जोडलेली आहेत, आणि प्रत्येक अंग शंभरांत 99 वेळा बिनचूक चालते, असे धरू. तरी सारी साखळी शंभरांत सुमारे 90 वेळाच चालेल. तशाच दोन स्वतंत्र साखळ्या ठेवल्या, तर दोन्ही एकदम बंद पडण्याचा संभव शंभरांत एकच उरतो. पण खर्च वाढतो, आणि काटकसर नेमकी तेथेच होते.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील होबोकेन गावी 2002 साली असा तळ उघडला. 2006 साली नगरपालिका व यंत्र पुरविणारी कंपनी यांच्यात तंटा झाला. संगणकाच्या आज्ञावलीचा परवाना संपला आणि शेकडो मोटारी आत अडकल्या. लोखंड शाबूत होते. घोडे अडले ते करारापाशी.

म्हणून आम्ही कामगार चळवळीतली माणसे तीन प्रश्न विचारतो. सुटे भाग गावात मिळतात काय? रात्रपाळीला जाणता फिटर आहे काय? आज्ञावली कोणाच्या ताब्यात आहे? फिटरचा पगार वाचविला, तर ती बचत पुढे तिष्ठत उभ्या राहणाऱ्या नागरिकाच्या वेळातूनच वसूल होते.