महाराष्ट्रातील कारागृहांमधील दंतचिकित्सा

कारागृहातील दंतचिकित्सा म्हणजे न्यायाधीन व सिद्धदोष बंद्यांना शासनाच्या अभिरक्षेत असताना मिळणारी दात, हिरड्या व मुखरोगांची तपासणी आणि उपचार. बंद्याला स्वतःच्या इच्छेने दंतवैद्याकडे जाता येत नसल्याने या सेवेची जबाबदारी शासनावर येते.

कायदेशीर आधार

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यांचा विषय आहे. कारागृह अधिनियम, १८९४ च्या कलम २४ नुसार दाखल होणाऱ्या बंद्याच्या प्रकृतीची नोंद केली जाते. कलम ३७ नुसार आजारी बंद्याची माहिती वैद्यकीय कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवावी लागते, तर कलम ३९ नुसार प्रत्येक कारागृहात रुग्णालय किंवा आजारी बंद्यांसाठी योग्य जागा असणे आवश्यक आहे. या कलमांत दंतवैद्याचा स्वतंत्र उल्लेख नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी नियम २५ मात्र प्रत्येक बंद्याला पात्र दंतवैद्याची सेवा उपलब्ध असावी, असे स्पष्टपणे सांगतो. नियम २४ नुसार समाजात मिळतो त्याच दर्जाचा उपचार बंद्याला विनामूल्य मिळाला पाहिजे. हे नियम मार्गदर्शक आहेत. ते थेट बंधनकारक नाहीत. भारतात बंद्याचा उपचाराचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला जातो. तळोजा कारागृहातील गौतम नवलखा यांना तातडीने रुग्णालयात नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला, तो याच भूमिकेतून.

अटकेपासून उपचारापर्यंत

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा येथे अटक झालेली व्यक्ती प्रथम पोलीस कोठडीत असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार तिची वैद्यकीय तपासणी होते व कलम ५६ नुसार तिच्या आरोग्याची वाजवी काळजी घेणे हे अभिरक्षकाचे कर्तव्य ठरते. न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर ही जबाबदारी कारागृह प्रशासनाकडे जाते. कारागृहात होऊ न शकणाऱ्या उपचारांसाठी बंद्याला पोलीस पहाऱ्यात शासकीय रुग्णालयात न्यावे लागते. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

अडचणी

दातांचे आजार सहसा जीवघेणे नसल्याने पहारा मर्यादित असताना त्यांना मागचा क्रम मिळण्याची शक्यता असते. दात काढणे एका भेटीत होते; मात्र दात वाचवणाऱ्या मूलनलिका उपचारास अनेकदा एकाहून अधिक भेटी लागतात. न्यायालयीन तारीख, बदली किंवा जामीन यांमुळे असा उपचार अर्धवट राहू शकतो. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. त्यामुळे हा प्रश्न प्रामुख्याने दोष सिद्ध न झालेल्या व्यक्तींचा आहे.

महत्त्व

उपचाराविना राहिलेल्या दाताच्या मुळाशी पू साचून संसर्ग जबडा व मानेपर्यंत पसरू शकतो. मधुमेही व्यक्तींना हिरड्यांच्या आजाराचा धोका अधिक असतो. तंबाखू व गुटख्याच्या सेवनामुळे तोंडाचा कर्करोग भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो. तोंडातील न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दाखल होतानाच्या तपासणीत लक्षात आल्यास निदान लवकर होऊ शकते.