शाळेची खरेदी आणि घरची काटकसर

जून महिना उजाडला कीं शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबावर खर्चाचे चार ओघ एकदम येऊन कोसळतात. शाळेचें शुल्क आणि बसचें भाडें हे दोन तर ठरलेलेच. तिसरा पावसाळ्याच्या बेगमीचा, म्हणजे छत्र्या, रेनकोट आणि धान्याचा. आणि चौथा शाळेच्या यादीचा. पहिल्या तिहींत फारशी घासाघीस चालत नाहीं. चौथ्यांत ती चालते, आणि गंमत अशी कीं नेमका तोच खर्च बहुतेक घरांत सर्वांत घाईनें होतो. महाराष्ट्रांतील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भांतील शाळा तेथील कडक उन्हाळ्यामुळें थोड्या उशिरां. त्याआधींच्या रविवारीं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान रस्त्यावर पाय ठेवावयास जागा नसते. अशा गर्दींत भाव विचारण्याची सवड नसते. वही उघडून कागद पाहण्याची तर नाहींच. वस्तू महाग आहेत ही तक्रार खोटी नव्हे. पण घरांत काय शिल्लक आहे हें न पाहतां पिशवी घेऊन बाहेर पडल्यामुळें जाणारा पैसाही थोडाथोडका नसतो.

म्हणून खरेदीचा खरा आरंभ दुकानांत नव्हे, तर मे महिन्यांतील एखाद्या दुपारीं घरांतच व्हावयास हवा. गतवर्षींचें दप्तर पालथें केलें म्हणजे अर्ध्या झिजलेल्या पेन्सिली, चालू स्थितींतील कर्कटक आणि कोऱ्या पानांच्या वह्या हटकून निघतात. सात विषयांच्या सात वह्यांत प्रत्येकीं तीसच पानें कोरीं उरलीं असें धरलें, तरी तीं दोनशें दहा पानें होतात. म्हणजे बाजारांतील एक २०० पानी वही घरांतच पडून असते. हीं पानें सोडवून, कडा जुळवून, दाभणानें तीन भोकें पाडून जाड दोऱ्यानें शिवलीं, कीं वर्षभराच्या आकडेमोडीसाठीं कच्ची वही तयार होते. हें काम मुलांकडूनच करवून घ्यावें. त्यांना तें आवडतें, आणि स्वतः शिवलेली वही मूल सहसा फाडीत नाहीं.

नव्या वह्यांच्या बाबतींत उतावीळपणा महागांत पडतो. एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटीची, यांपैकीं कोणत्या विषयाला कोणती चालेल हें पुष्कळदां वर्गशिक्षक पहिल्या आठवड्यांत सांगतात. त्यापूर्वीं डझनभर वह्या आणून ठेवलेल्या घरांत पुढें त्यांतील निम्म्या तशाच पडून राहतात. पहिल्या दिवसासाठीं दोन वह्या पुरेत. बाकीच्या सूचना मिळाल्यावर घ्याव्या. घेतांना वहीच्या किंमतीला पानांच्या संख्येनें भागून पाहावें. वेष्टनावर चित्रपटांतील किंवा खेळांतील एखादा वीर छापला कीं वहीची किंमत वाढते, आंतलीं पानें वाढत नाहींत. कागद अगदींच पातळ असला तर शाई मागच्या बाजूस उमटते आणि मूल पानाच्या एकाच अंगास लिहूं लागतें. मग स्वस्त वही दुप्पट महाग ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, टोकयंत्रें आणि खोडरबर यांवरील वस्तु व सेवा कर शून्य करण्यांत आला, आणि कंपासपेटीवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हां छापील किंमत पाहतांना माल त्या तारखेनंतरचा आहे कीं पूर्वींचा, इकडेही लक्ष असावें. एकाच इमारतींतील चारपांच कुटुंबांनीं मिळून घाऊक दुकानांतून डझनाच्या भावानें माल आणणें हाही उत्तम उपाय होय. मात्र त्यासाठीं एकानेंच जावें. पांच जणांनीं पांच रिक्षा केल्यास वांचविलेले पैसे वाटेंतच संपावयाचे.

पाठ्यपुस्तकांची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रांत पहिली ते आठवीपर्यंतच्या शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांना समग्र शिक्षा योजनेंतून तीं मोफत मिळतात. ज्यांना तीं विकत घ्यावीं लागतात, त्यांना जुन्या पुस्तकांचा मार्ग मोकळा आहे. १९६७ सालीं स्थापन झालेल्या बालभारतीचीं पुस्तकें संगणकावर विनामूल्यही वाचावयास मिळतात, तेव्हां जुन्या प्रतींत एखादें पान गहाळ असलें तर तेवढेंच छापून घेतां येतें. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. २०२५-२६ या वर्षीं राज्यांतील पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आणि पुढील इयत्तांचा टप्प्याटप्प्यानें बदलावयाचा असें ठरलें. थोरल्याचें पुस्तक धाकट्यासाठीं जपून ठेवलें आणि मधल्या वर्षांत तें पुस्तकच बदललें, असें या काळांत होऊं शकतें. पैसे देण्यापूर्वीं आवृत्ति पाहावी, आणि शंका असल्यास शाळेंत विचारावें.

येथें एक नाजुक प्रश्न उभा राहतो. जुनें पुस्तक, भावाचें दप्तर, बहिणीचा सदरा यांत घरच्यांना बचत दिसते. मुलाला मात्र त्यांत आपण इतरांहून उणे आहों असें दिसण्याचा संभव असतो. दहा वर्षांच्या मुलाच्या मनाला ही बोचणी किती खोल जाते, याची कल्पना मोठ्यांना सहसा नसते. म्हणून जुनी वस्तु देतांना ती नीटनेटकी करून द्यावी. पुस्तकाला नवा खाकी कागद घातला, कोपरे चिकटवले आणि नांवाची चिठ्ठी सुवाच्य अक्षरांत लावली, कीं वर्गांतील चाळीस पुस्तकांत तें वेगळें ओळखूं येत नाहीं. शिवाय एक तरी वस्तु मुलाच्या निवडीची नवी असावी; मग ती कंपासपेटी असो वा डबा. रक्कम आधीं ठरवून त्याच्या हातीं दिली, तर तें स्वतःच किंमती पाहूं लागतें.

गणवेशांत शिंप्याचें कौशल्य कामास येतें. कपड्याच्या शिवणींत जें जास्त कापड आंत राखतात, त्याला शिंपी लोक 'माया' म्हणतात. मराठींत याहून समर्पक शब्द शोधून सांपडावयाचा नाहीं. सहा ते दहा वर्षांचें मूल वर्षाला साधारण पांच ते सहा सेंटिमीटर उंच होतें. तेव्हां विजारीच्या किंवा झग्याच्या खालच्या दुमडींत दोन इंच कापड राखलें, तर तोच गणवेश आणखी एक वर्ष चालवितां येतो. कापड सुती असल्यास बेतण्यापूर्वीं एकदां भिजवून वाळवावें. जोड किती असावे हें हवेवर अवलंबून आहे. मुंबईकोंकणांत जुलै महिन्यांत कपडा दोन दोन दिवस वाळत नाहीं, तेथें तिसरा जोड ही चैन नव्हे. सोलापुराकडे दोन पुरतात. अमुकच दुकानांतून गणवेश घ्यावा असा आग्रह कांहीं शाळा धरतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१७ सालीं आपल्या संलग्न शाळांना पुस्तकें व गणवेश यांचा व्यापार करूं नये असें बजावलें होतें. पालकांनीं एकेकट्यानें कुरकुरण्यापेक्षां पालक-शिक्षक संघाच्या सभेंत हा विषय शांतपणें मांडावा.

सर्वच ठिकाणीं हात आंखडून चालत नाहीं. बुटांत काटकसर करूं नये. पाय वाढेल म्हणून दोन मापें मोठा बूट घेतला, तर मूल पाय ओढीत चालतें आणि टांचा सोलून निघतात; अंगठ्यापुढें बोटभर जागा पुरे. भावाचा झिजलेला बूट त्याच्याच चालीप्रमाणें वांकलेला असतो, तो दुसऱ्याच्या पायांत घालणें बरें नव्हे. दप्तराचें तसेंच. २०२० सालच्या दप्तर-धोरणाप्रमाणें दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असूं नये. वीस किलोच्या मुलाला हा हिशेब दोन किलोंचा पडतो, आणि त्यांतील एक किलो तर लिटरभर पाण्यानेंच संपतो. मग रिकामें असतांनाच जड असणारें, कप्प्यांवर कप्पे असलेलें भारी दप्तर काय कामाचें? जुन्याचा पट्टा तुटला किंवा चेन बिघडली असेल, तर कोपऱ्यावरचा चांभार तें थोडक्या पैशांत दुरुस्त करून देतो.

बुटांबाबत आणखी एक गोष्ट. कित्येक शाळा पावसाळ्यांत सँडल किंवा प्लॅस्टिकचीं पादत्राणें चालवून घेतात. जूनमध्यें हौसेनें घेतलेला चामडी बूट मग चार महिने माळ्यावर बुरशी खात पडतो, आणि बाहेर काढावा तों पाय वाढलेला असतो. शाळेला विचारून ही खरेदी दसऱ्यानंतर केली, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडणाऱ्या दुसऱ्या सत्राला बूट पायांत नीट बसतो. वह्यांचा दुसरा जोडही त्याच सुमारास लागतो. त्यासाठीं ठरविलेल्या रकमेपैकीं तिसरा हिस्सा जूनमध्यें न मोडतां निराळ्या पाकिटांत ठेवावा, आणि त्या पाकिटावर मुलाचें नांव लिहावें.